पहिल्या डब्याचा मान

मानसिंगरावांचे पणजोबा दसऱ्याच्या मिरवणुकीत चांदीची काठी घेऊन हत्तीच्याही पुढे चालत. मग आजोबा चालले, वडील चालले. हत्ती गेला, काठीवरची चांदी गेली, पण जागा राहिली, आणि वीज मंडळातली नोकरी सांभाळून मानसिंगराव त्या जागेवर एकोणतीस दसरे चालले. तिसाव्या दसऱ्याला मिरवणूक कमिटीनं ती जागा डीजेच्या गाडीला दिली. "काका, तुम्ही मागून या, मागे धूळ कमी असते," कमिटीतला एक पोरसवदा सभासद म्हणाला. धूळ कुठे जास्त असते हे काय मानसिंगरावांना कळत नव्हतं? ते तडक घरी आले आणि पुन्हा मिरवणुकीला गेले नाहीत.

अशा जखमेवर चार वर्षांनी फुंकर घालायला आले उमाशंकर शेठ. देवासच्या बायपासवरचं सोयाबीनचं गोदाम पाडून ते मनोरंजन पार्क काढत होते, आणि त्यात रोलर कोस्टर बसवणार होते. शेठ मिठाईचा पुडा घेऊन घरी आले. "काकासाब, झूला तो बाहर से आ रिया हे. पण स्टेशन अपने को एकदम राजसी चिये. तुम्ही दरबारवाले लोक, तुम्ही सांगाल तसं."

मानसिंगराव सांस्कृतिक सल्लागार झाले. पगार नव्हता, गळ्यात घालायचा बिल्ला होता. तो ते जेवतानाही काढत नसत.

स्टेशन म्हणजे गाडीत चढायची-उतरायची जागा. तिचा नकाशा किमयानं काढला होता. किमयाचे वडील लातूरहून देवासच्या कारखान्यात नोकरीला आलेले; पोरगी इथेच हिंदी शाळेत शिकून इंजिनीअर झाली आणि आता या साऱ्या कामाची प्रमुख होती. नकाशात एक फलाट, वर पत्रा आणि रांगेसाठी लोखंडी कठडे. मानसिंगरावांनी नकाशा उलटा-सुलटा करून पाहिला.

"ही तर गुरांची छावणी आहे," ते म्हणाले. "आणि आत यायला दरवाजा एकच?"

"हो काका. लोक एकीकडून येणार, दुसरीकडून निघून जाणार."

"देवासात एक दरवाजा चालत नाही."

हे मात्र खरं होतं. देवासात पूर्वी राज्यं दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. राजवाडे दोन, कचेऱ्या दोन. टेकरीवर देवीसुद्धा थोरली आणि धाकटी. राज्यं जाऊन पाऊणशे वर्षं झाली, पण थोरल्या पातीचा माणूस धाकट्यांच्या दारातून आत शिरायला अजून खळखळ करतो. किमयानं नकाशात दोन दरवाजे केले. ते आत तीन पावलांवर एकाच रांगेत मिळत होते, पण बाहेरून दोन दिसत, तेवढ्यानं भागलं.

मग कमान आली. गाडीनं कमानीखालून बाहेर पडलं पाहिजे, असा मानसिंगरावांचा हट्ट.

"काका, नाही होणार. लोक हात वर करतात ना, तर रुळाच्या चारी बाजूंनी तेवढी जगह खाली सोडावीच लागते."

"दरबारात कोणी हात वर करत नाही."

"पब्लिक करते, काका."

शेवटी फायबरची आणलेली कमान मधोमध कापली. अर्धी रुळाच्या या बाजूला, अर्धी त्या बाजूला, आणि वर मोकळं आभाळ. बघायला येणाऱ्यांना वाटलं, ही दोन पात्यांची वाटणी असणार. शेठनं तीच गोष्ट जाहिरातीत छापली.

ही ओढाताण चालू असतानाच संक्रांतीला पायाचे खड्डे खणले, होळीला लोखंडी खांब उभे राहिले. कसलेल्या प्रत्येक बोल्टवर मजूर पिवळी रेघ मारत. मानसिंगराव रोज छत्री घेऊन जात, खालूनच रेघा बघत आणि "हं" म्हणत. वर चढून बघा म्हटलं की त्यांना नेमकं घरी काम असे.

खरा रणसंग्राम पेटला तो पहिल्या डब्यावरून. उद्घाटनाच्या फेरीत सर्वांत पुढे कोण बसणार? मानसिंगरावांच्या मनात यात प्रश्नच नव्हता. पण धारहून त्यांचे चुलत मेहुणे यशराज यांचं पत्र आलं. यशराजांच्या घराण्याकडे धारच्या नगाऱ्याचा मान होता, आणि नगारा काठीच्या आधी वाजतो, असं त्यांनी तीन पानांत सिद्ध केलं होतं. मानसिंगरावांनी पाच पानी उत्तर धाडलं. चार बैठका झाल्या. चौथ्या बैठकीत यशराज समोसा अर्धा टाकून उठून गेले.

किमयानं डोक्याला हात लावला. "काका, ऐका ना. ही गाडी पुढे जाते, गोल फिरते, त्या टोकाच्या मनोऱ्यावर चढते आणि मग त्याच रुळावरून उलटी परत येते. जाताना जो डबा पहिला, तो येताना शेवटचा. जाताना तुम्ही पुढे, येताना ते पुढे."

एवढं न्यायाचं यंत्र देवास-धारच्या इतिहासात कोणी पाहिलं नव्हतं. समेट झाला. पहिल्या डब्यात पुढे दोनच जागा. एक मानसिंगरावांची आणि दुसरी, पहिल्या फेरीला इंजिनीअरनं बसायचं असा नियम म्हणून, किमयाची.

त्या संध्याकाळी घरी पत्नी उमाबाईंनी विचारलं, "अहो, मी येऊ का बसायला?"

"तुमचे गुडघे?"

"तिथल्या पाटीवर हृदय आहे, बीपी आहे, पाठ आहे. गुडघे नाहीत. मी दोनदा वाचली."

"बरं, चौथ्या रांगेत बसा," मानसिंगराव उदारपणे म्हणाले.

उमाबाई गुडघ्यांमुळे सहा वर्षांत टेकरीवर गेल्या नव्हत्या. रोपवे होता, पण मानसिंगरावांनी तो घराला वर्ज्य केला होता. देवीच्या दर्शनाला दोरीला लोंबकळत जाणं म्हणजे देवीचा अपमान, असं ते म्हणत. स्वतः पायऱ्या चढून जात, अंगारा आणत, आणि उमाबाई तो कपाळाला लावून खिडकीतून टेकरीकडे हात जोडत. त्यांची त्याबद्दल तक्रार नव्हती. नवरा भाविक आहे, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

उद्घाटनाच्या आठवडाभर आधी चाचणी होती. मानसिंगराव ऐटीत गेले आणि पाहतात तो त्यांच्या जागेवर रेतीची बोरी, वाळूनं भरलेलं पोतं.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

"माणसाचं वजन, काका. दीडशे फेऱ्या झाल्या हिच्या."

म्हणजे पहिला मान बोरीनं घेतला होता! पण रागवायला सवड मिळाली नाही. गाडी सुटली. चढली, उलटी झाली, आणि बोरी डोकं खाली करून आभाळात गेली. मानसिंगरावांनी अर्धी कमान धरली, ती फायबरची असल्यानं तीही हलली. मग ते घरी आले आणि अंग मोडून आलं म्हणून झोपले.

दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरकडे गेले. आयुष्यात प्रथमच ते बीपी वाढलेलं निघावं म्हणून प्रार्थना करत होते. डॉक्टरनं पट्टा सोडला आणि पाठ थोपटली. "काकासाहेब, एकदम फर्स्ट क्लास! पंचविशीतल्या पोरासारखं!" मानसिंगराव मान खाली घालून बाहेर पडले.

उद्घाटनाचा दिवस. फुलं, सनई, माईक, दोन्ही दरवाज्यांत गर्दी. धारहून यशराज आले ते कमरेला हा एवढा पट्टा बांधून. "डॉक्टरांची सक्त मनाई," ते हसत म्हणाले, आणि सावलीतली खुर्ची पकडली. मानसिंगरावांना त्या पट्ट्याचा इतका हेवा वाटला, की उभ्या जन्मात कोणाच्या जहागिरीचा वाटला नसेल. हे आपल्याला का सुचलं नाही?

"आता श्रीमंत मानसिंगराव आपलं स्थान ग्रहण करतील!" माईक गरजला.

ते गाडीपर्यंत गेले. एक पाय आत टाकला. पाय आत राहीना. किमया शेजारच्या जागेवर बसली होती, तिनं त्यांचा चेहरा पाहिला आणि नजर दुसरीकडे वळवली. मानसिंगरावांनी पाय बाहेर काढला, वळले, आणि चौथ्या रांगेतल्या उमाबाईंचं मनगट धरून खड्या आवाजात म्हणाले, "हा मान मी आमच्या मंडळींना देतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेठनं डोळे पुसले. काय हे मन, काय हे संस्कार! यशराजसुद्धा पट्ट्यासकट उभे राहिले.

पण उमाबाईंच्या मनगटावर नवऱ्याचा हात घट्ट रुतला होता. बर्फासारखा गार. त्यांनी त्या हाताकडे पाहिलं, मग वर मनोऱ्याकडे, आणि मग त्याच्याही पलीकडे दिसणाऱ्या टेकरीकडे. तिथे रोपवेचा एक डबा सावकाश वर चालला होता.

"अहो," त्या हळू म्हणाल्या, "म्हणजे ते दोरीचंही हेच होतं?"

मानसिंगरावांनी त्यांचं मनगट सोडलं.

"सहा वर्षं. देवीचा अपमान म्हणालात मला."

"हो," ते म्हणाले. "भीती वाटते मला. लहानपणापासून."

उमाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. त्यांनी पदर खोचला, त्या पहिल्या डब्यात बसल्या, आणि किमयानं त्यांच्या खांद्यावरून लोखंडी दांडी खाली ओढली. गाडी दोन अर्ध्या कमानींच्या मधून सुटली.

लोक मानसिंगरावांच्या गळ्यात हार घालत होते. त्यांना शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. डोळे मिटून घ्यावेसे वाटत होते, पण या वेळी त्यांनी ते मिटले नाहीत. गाडी वर गेली, उलटी झाली, मनोऱ्याच्या टोकाला थांबली, तिथून पाठमोरी खाली आली, आणि सगळा वेळ ते बघत राहिले.

गाडी थांबली. उमाबाईंचा अंबाडा सुटला होता, चष्मा किमयाच्या हातात होता. त्या कोणाचा आधार न घेता उतरल्या.

"कसं वाटलं, काकीसाहेब?" माईक पुढे आला.

"टेकरी दिसली," त्या म्हणाल्या. "फार जवळून दिसली."

मग त्यांनी नवऱ्याच्या गळ्यातले हार एकेक करून काढले, त्यांतला झेंडूचा चांगला बघून वेगळा ठेवला आणि म्हणाल्या, "हा देवीला. रोपवे बंद व्हायला अजून तास आहे. चला."

त्या थोरल्या पातीच्या दरवाजातून निघाल्या की धाकट्या पातीच्या, हे त्या दिवशी कोणी पाहिलं नाही. मानसिंगरावांनी बिल्ला काढून खिशात टाकला आणि ते त्यांच्या मागून चालू लागले.