चालू झाला, चालू केला

प्रेमाकाकूंनी एसी बंद केला तो बातमी आली त्याच संध्याकाळी. "माझा रघू तिकडे बर्फात, आणि आपण इथे गार हवा खात बसायचं?" एवढं बोलून त्यांनी रिमोट उचलला, मांडीखाली सरकवला आणि सोफ्याच्या कोपऱ्यात बसल्या त्या बसल्याच.

बिशानमधल्या त्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या खिडक्या सताड उघड्या होत्या. पण सिंगापूरच्या दुपारी खिडकीतून येते ती हवा नसते, कुकरची वाफ असते. त्या वाफेत आम्ही सगळे आळीपाळीने येऊन बसायचो. माणसं जोखायची मला खोड आहे, आणि काळजीच्या घरात ती पटकन जोखून होतात. ज्यांना मनापासून यायचं होतं ते मान पुसत, पाठ सोफ्याला चिकटू देत बसले. ज्यांना फक्त आल्याची नोंद हवी होती ते "काही लागलं तर सांगा हं" म्हणत चहाच्या आधीच लिफ्टपाशी पोचले. एसी बंद करून काकूंनी आमच्या मराठी गोतावळ्याला चांगली चाळणी लावली होती, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

रघुवीर हा काकूंचा एकुलता एक मुलगा, बोटीवर चीफ इंजिनिअर. त्याची बायको सुचित्रा तांजोंग पगारला एका बँकेचं आयटी सांभाळते. मुलगी गार्गी चौदा वर्षांची. काकू पुण्याहून आल्या होत्या त्या नातीला जरा मराठी शिकवायचं म्हणून. आम्ही शेजारच्या ब्लॉकमध्ये राहतो. त्यांच्या घराची एक किल्ली आमच्याकडे असते, आणि आमच्या भांडणांची सगळी खबर त्यांच्याकडे.

काकूंची शिकवणी मी पाहिलेली आहे. एकदा गार्गीच्या हातून काचेचा पेला पडला.

"आजी, पेला फुटला," ती म्हणाली. चक्क मराठीत.

"फुटला नाही, तू फोडलास."

"सेम थिंग लाह, आजी," ती सिंगापुरी इंग्रजीवर गेली.

"सेम नाही. आपल्या भाषेत करणारा लपत नसतो. म्हण, मी फोडला."

गार्गीने डोळे फिरवले आणि म्हटलं, "ओके, मी फोडला." मग काकूंनी स्वतः काचा भरल्या.

या खेपेला रघुवीरची बोट उत्तर ध्रुवाकडच्या एका बंदरात उभी होती. बंदराचं नाव आमच्यापैकी कोणालाच धड उच्चारता आलं नाही. काकू त्याला नुसतं 'तिकडे' म्हणायच्या. तिथवर रस्ता नाही. शेवटच्या गावातून एक छोटं विमान निघतं, डझनभर माणसं घेतं आणि बर्फ सपाट करून केलेल्या पट्टीवर उतरतं. बोट गाठायला रघुवीर ज्यात बसला होता ते उतरलं नाही.

आता माझ्या नवऱ्याबद्दल. विश्वास विम्यात आहे, आणि विमानं पडली की कागद त्याच्या टेबलावर येतात. त्यातही गेली काही वर्षं त्याच्या वाट्याला नेमका बर्फाचा मुलूख आला आहे. इथे अर्ध्या बाह्यांच्या शर्टात बसून तो ध्रुवाकडे पडलेली विमानं तपासतो. जेवताना सहज सांगतो: आकाश पांढरं, जमीन पांढरी, मधली रेघच पुसून जाते. वैमानिकाला वाटतं आपण वर चाललोय, आणि तो खाली येत असतो. पंखांवर बर्फ धरतो. कधीकधी शोधायला निघालेलं विमानही पहिल्याच्या शेजारी जाऊन पडतं. एवढं सांगून झालं की म्हणतो, "आमटी वाढ."

मी त्याला चिडवायची. "तुझ्या विमानांचं सगळं आपोआप कसं रे होतं? इंजिन बंद पडलं, उंची कमी झाली, चूक घडली. केलं कोणी?"

"कर्ता लिहिला की कोर्टात उभं राहावं लागतं, साधना."

दुसऱ्या दिवशी त्या विमान कंपनीचा फोन आला. सुचित्रा आतल्या खोलीत बोटीच्या एजंटाशी बोलत होती, म्हणून काकूंनी फोन विश्वासच्या हातात कोंबला. बाहेर आम्ही दोघं, काकू आणि निशिकांतभाऊ. निशिकांतभाऊ जुरोंग आयलंडवरच्या एका कारखान्यात आहेत. कामावरून कंपनीच्या बसने थेट इकडे आले होते आणि गळ्यातला पास काढायचं विसरले होते. ते तो नेहमीच विसरतात. मनाने फार चांगले. फक्त बातमी त्यांच्या हातात पडली की पुरीसारखी फुगते.

विश्वासने ऐकून घेतलं आणि फोन खाली ठेवला.

"विमानातला बीकन चालू झालाय," तो म्हणाला.

"म्हणजे काय रे?" काकूंनी विचारलं.

"संकटात सिग्नल पाठवणारं यंत्र असतं, काकू. त्यावरून जागा कळली."

काकूंना डाव्या कानाने कमी ऐकू येतं, आणि त्या दिवशी उजव्यानेही हवं तेच ऐकू आलं. "चालू केलाय? रघूनं?"

"तर हो, काकू!" निशिकांतभाऊ उभेच राहिले. "इंजिनिअर माणूस तो! बाकीचे गडबडले असतील, ह्यानं बरोबर बटण शोधलं. केलाच असणार!"

मी विश्वासकडे पाहिलं. त्याने बोलायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "साधना, थोडा वरणभात लाव गं. भूक लागल्यासारखं वाटतंय." आदल्या दिवसापासून त्यांच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. विश्वासने तोंड मिटलं.

सुचित्रा बाहेर आली ती काकूंचं वाक्य ऐकतच: "रघूनं चालू केलाय गं!" ती भिंतीला टेकली आणि पहिल्यांदा रडली. निशिकांतभाऊंची लिफ्ट खाली पोचायच्या आत आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर मेसेज होता: 'रघुवीरने स्वतः बीकन चालू केला आहे. आपला माणूस खंबीर आहे.' त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. झालाचा केला व्हायला एवढाच वेळ लागला.

घरी परतताना ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत मी विश्वासला थांबवलं.

"कोणी चालू केला?"

"काय?"

"बीकन. कर्ता सांग."

तो बाजूच्या सायकलींकडे बघत राहिला. "कोणी नाही. जोरात आदळलं की आपोआप होतो. संपर्क तुटला त्याच मिनिटाला सिग्नल सुरू झालाय. बटण दाबायला तेवढ्यात कोण..." वाक्य त्याने तिथेच सोडलं.

"कोणीच वाचलं नसेल?"

"वाचू शकतं. शेपटाकडे बसलेलं एखादं. झालेलं आहे असं."

"कितीदा?"

एरवी ह्याला आकडे तोंडपाठ असतात. त्याने दिला नाही तेव्हाच तो आकडा मला कळला.

"मग वर जा आणि सांग त्यांना."

"काकू जेवल्या ना आज? उद्या सांगतो."

तो उद्या उजाडला आणि सिग्नल थांबला. तिकडे वादळ होतं आणि बचाव पथक गावातच अडकून पडलं होतं. विश्वासने सांगितलं की थंडीत बॅटरी टिकत नाही. निशिकांतभाऊंनी त्याचाही अर्थ लावला. "बंद करून ठेवला असेल. बॅटरी वाचवतोय. शहाणा आहे!" काकूंनी मान डोलावली. लहानपणीही तो खोलीतून बाहेर पडताना आठवणीने दिवा बंद करायचा म्हणे.

मग सुचित्राने तिकिटं काढली. तिची आणि गार्गीची.

"हात चालतायत त्याचे," ती मला म्हणाली. "बटण दाबलं म्हणजे हात चालतायत. बाहेर काढतील तेव्हा मी तिथे असायला हवी, साधना." त्या शेवटच्या गावापासून पुढे ती जाणार होती ती तशाच छोट्या विमानाने, त्याच पट्टीवर. गार्गीही हट्टाला पेटली होती. "पपा विल बी सो मॅड आय मिस्ड स्कूल," ती म्हणायची आणि हसायची. त्या घरात त्या दिवसांत हसणारी ती एकटीच. काकूंनी त्या उकाड्यात गॅसपाशी उभं राहून डिंकाचे लाडू वळले. तिकडच्या थंडीला बरे.

आणि विश्वास मदत करत होता! कुठे विमान बदलायचं, व्हिसाचं कसं करायचं, हातमोजे कसले घ्यायचे, सगळं त्याने शोधून दिलं. बोलायचं सोडून माणूस किती कामं काढू शकतो ते मी त्या दिवसांत पाहिलं.

निघायच्या दिवशी दुपारी तो ऑफिसातून लवकर आला. बूट न काढता दारातच उभा राहिला.

"हवा थोडा वेळ उघडली होती. शोधाचं विमान वरून फिरून आलं. आमच्या ऑफिसात फोटो आलाय."

"आणि?"

"काळा डाग आहे बर्फावर. भोवती पावलं नाहीत. एकही नाही. कंपनी त्यांना संध्याकाळी कळवणार आहे."

"संध्याकाळी त्या दोघी विमानात असतील, विश्वास. चल. तू नाही बोललास तर मी बोलेन, आणि मी बोलले तर आयुष्यभर तुला ऐकवीन."

सुचित्राच्या घरी बॅगा दाराशी आल्या होत्या. वर लाडवांचा डबा. काकू सोफ्यावर, त्यांच्या कोपऱ्यात. आतल्या खोलीत सुचित्रा शेवटच्या बॅगेवर गुडघा टेकून चेन ओढत होती.

विश्वासने नको त्या टोकाकडून सुरुवात केली. "सुचित्रा, त्या छोट्या विमानात बसू नकोस. हवा तीच आहे."

"मग कशी पोचू? पोहत?"

"निदान गार्गीला तरी..."

"तो वाट बघतोय रे तिथे! त्याने बीकन चालू केलाय."

"झाला."

"काय झालं?"

"चालू झाला. केला नाही कोणी. आदळलं की आपोआप होतो. मी सुरुवातीलाच झालाय म्हणालो होतो."

त्या शेवटच्या वाक्यासाठी मी त्याला तिथेच झोडपला असता. एवढ्या वेळीसुद्धा हा स्वतःची बाजू सावरून घेत होता.

सुचित्राचा गुडघा बॅगेवरून उतरला. "कोणी बटण दाबलेलं नाही?"

"नाही."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"फोन आला तेव्हापासून."

"आणि बंद? बंद तरी त्याने केला?"

विश्वासने माझ्याकडे पाहिलं. मी मदत केली नाही.

"नाही," तो म्हणाला. "थंडीने झाला." मग त्याने फोटोचं सांगितलं, पावलांचंही. आणि त्याच्या तोंडून मी कधी न ऐकलेलं एक वाक्य आलं. "मी लपवलं, सुचित्रा."

ती जमिनीवर बसली.

"म्हणजे इतके दिवस मी एका बॅटरीशी बोलत होते," ती म्हणाली. मग आवाज न चढवता, "पावलं नाहीत?"

"नाहीत."

दारात काहीतरी करकरलं. गार्गी उभी होती. बॅगेत जागा वाचावी म्हणून नवं जाडजूड जाकीट तिने अंगावरच चढवलं होतं आणि घामाने तिचे केस कपाळाला चिकटले होते. तिने किती ऐकलं ते विचारायची गरज नव्हती. झाला आणि केलामधला फरक तिला तिच्या आजीनेच शिकवला होता. जाकिटाची चेन तिने खालपर्यंत ओढली आणि ते तिथेच गळू दिलं.

"टॅक्सी रद्द कर, साधना," सुचित्रा म्हणाली.

आम्ही बाहेर आलो. काकूंनी आमच्याकडे पाहिलं, मग दाराशी थांबलेल्या बॅगांकडे, मग बिनजाकिटाच्या नातीकडे. विश्वास फरशीकडे बघत होता. कसं सांगायचं ते मला सुचत नव्हतं, त्यालाही नव्हतं. सुचित्रा सासूसमोर जाऊन उभी राहिली आणि तिने हात पुढे केला.

"आई, रिमोट द्या."

"कशाला?"

सुचित्राने हात तसाच पुढे धरला. खालच्या मैदानावर मुलं फुटबॉल खेळत होती, त्यांचा आरडाओरडा वर येत होता.

काकूंनी तो हात पाहिला. मग मांडीखालून रिमोट काढला. तो इतके दिवस तिथे राहून गरम झाला असणार. सुनेच्या हातात मात्र तो त्यांनी दिला नाही.

"थांब," त्या म्हणाल्या. "बंद मी केला होता. चालू मीच करते."

त्यांनी चष्मा वर सरकवला आणि रिमोट डोळ्यांजवळ धरला. अंगठा बटणांवरून फिरत राहिला, एकावरही थांबेना.

"गार्गी, कुठलं गं बटण?"

गार्गी त्यांच्याजवळ बसली आणि तिने त्यांचा अंगठा धरून बटणावर ठेवला. "हे, आजी."

काकूंनी दाबलं. वर भिंतीवर टिंग झालं, झडप उघडली आणि गार हवा खाली उतरू लागली. खिडक्या लावायला कोणीही उठलं नाही.