दत्तराव पंच आणि माझा आखाडा

मी जिंतूरचा व्हिडिओ गेम बोलतोय. हसू नका. रेडिओ बोलतो, टीव्ही बोलतो, मग मीच तुमचं काय घोडं मारलंय?

जन्म माझा मुंबईचा. एका सुतारानं लाकडाचं कपाट ठोकलं, त्यात रंगीत टीव्हीची काच बसवली, खाली दोन दांडे आणि बटणं लावली. पोटात माझ्या दोन पैलवान. नाणं पडलं की ते जागे होतात आणि एकमेकांना बडवायला लागतात. दांड्यानं त्यांना पुढे-मागे न्यायचं, बटणानं ठोसा मारायचा. दोघांच्या डोक्यावर ताकदीची एकेक पिवळी पट्टी असते. मार खाल्ला की ती आखडते, संपली की गडी आडवा. मधोमध घड्याळ. घड्याळ संपेपर्यंत दोघंही उभे असले, तर ज्याची पट्टी लांब तो जिंकला. हे घड्याळाचं जरा ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरूनच झालं.

माझ्या मालकानं, माणिकरावनं, मला गोधड्यांत गुंडाळून टेंपोतून जिंतूरला आणलं आणि एसटी स्टँडसमोरच्या पत्र्याच्या शेडात उभं केलं. एसटी वेळेवर येत नाही, ही आमची खरी बरकत. येणारा-जाणारा खोळंबलेला माणूस माझ्यासमोर यायचाच. पण एकटा माणूस किती खेळणार? त्याला समोर तोडीस तोड जोडीदार पाहिजे. म्हणून माणिकरावनं गावातल्याच एका पोराला, चंद्रभानला, पगारावर ठेवलं.

काम काय? खेळायचं! जो येईल त्याच्याशी लढायचं. चंद्रभानला हरवलं तर पुढचा डाव फुकट. आणि चंद्रभान लय हरायला लागला तर पगाराला कात्री. ऐकायला मजा वाटते ना? मी त्याची दशा जवळून पाहिली आहे. दिवसभर उभं राहून पाय सुजायचे, डोळे लाल व्हायचे, अंगठ्याची साल निघायची. घरी आई, नर्मदाबाई, त्या अंगठ्याला हळद-तेल लावताना विचारायची, "शेंगा फोडल्यास का रं दिवसभर?" सोयरिकीला आलेल्यांनी पोरगं काय करतं म्हणून विचारलं, की बिचारी सांगायची, "खेळतं." पाहुणे चहा पिऊन उठायचे ते परत फिरकायचे नाहीत.

आणि बाप? बाप दत्तराव! एके काळचा दांडगा पैलवान, कुस्त्या करून कानांची भजी झालेली. त्यांचा माझ्यावर असा काही राग की विचारू नका. एकदा शेडात आले, माझ्या पोटातले पैलवान बघितले आणि म्हणाले, "अंगाला माती न्हाई, कपाळाला घाम न्हाई. हे कसले पैलवान? आन् तू कसला गडी?"

चंद्रभाननं मान खाली घालून माझी काच पुसायला घेतली. मला मात्र लय लागलं. हात असते तर तिथंच शड्डू ठोकला असता.

दत्तरावांनी मग मानवतच्या जिनिंगवरचे मुकादम लिंबाजी, त्यांचे जुने दोस्त, यांना शब्द टाकला. पोराला वॉचमन म्हणून लावायचं. रात्रभर कापसाच्या गठाणी राखायच्या आणि दिवसा झोपायचं. चंद्रभानचा तर जीवच उडाला. तो म्हणाला, "बोरीची जत्रा होऊ द्या. तिथं जिंकलो तर खेळतो, हरलो तर जिनिंगवर जातो."

कारण बोरीच्या जत्रेत मोठी जोड लागणार होती. परभणीचा बन्सीधर येणार होता. तोही खेळूनच पोट भरणारा, बोटांना अशी काही चपळाई की बटणांनाच धाप लागायची. जो जिंकेल त्यालाच माणिकराव पुढच्या सगळ्या जत्रांना सोबत नेणार, असं ठरलं होतं.

जत्रेत तंबू ठोकला, जनरेटर लावला, बाहेर हलगी कडाडली. गर्दी तर अशी, की माझ्या काचेवर लोकांचा श्वास जमायला लागला. एवढ्यात कुणीतरी ओरडलं, "पंच कोन हाय?" बरोबरच होतं. आपल्याकडे पंचाशिवाय जोड लागते का कुठं? सकाळच्या कुस्त्यांचे पंच दत्तराव फेटा बांधून बाहेर उभेच होते. लोकांनी त्यांनाच आत ओढलं.

बन्सीधर चिडला. "आरं, पंच त्येचाच बाप हाय की!"

"माझ्या पंचगिरीला आजवर कुनी बोट लावलं न्हाई," दत्तराव गरजले. "हलगी थांबवा. लावा जोड."

काय जुंपली म्हणता! चंद्रभानचा दांडा माझ्या अंगात कळ येईपर्यंत फिरत होता. शेवटी शेवटी त्याची पट्टी बन्सीधरच्या पट्टीपेक्षा बोटभर लांब राहिली. मग पोरगं हुशार झालं. मागं सरायचं, उडी मारायची, कोपऱ्यात पळायचं. बन्सीधर हवेतच ठोसे मारत राहिला. घड्याळ संपलं. मी डौलात चंद्रभानचा गडी नाचवला. जिंकला! चंद्रभाननं दोन्ही हात वर केले, माणिकरावनं गुलाल उधळला.

"थांबा," दत्तराव म्हणाले. "बन्सीधरचा गडी चीत कुठं झालाय? हुभाच हाय की त्यो."

"आवो, टाइम झाला ना!" माणिकराव कळवळला. "मशीनच सांगायलंय."

"मशीनला काय कळतंय? पळून जिंकलेली कुस्ती आमी मानत न्हाई. निकाल न्हाई. पुन्ना लावा."

बघा! माझ्या निकालावर निकाल! रागानं माझी काच लाल झाली, पण ऐकतो कोण? लोक कुजबुजले, बापालाच पोरगं जिनिंगवर धाडायचंय. चंद्रभान बापाकडे बघत राहिला. डोळ्यांत पाणी होतं आणि त्या पाण्यात आग होती.

दुसरा डाव सुरू झाला. या वेळी पोरगं एक पाऊल मागं सरलं नाही. छातीवर मार घेतला, छातीवर दिला. अंगठा फुटला, माझ्या बटणावर रक्त लागलं, तरी हटेना. दोघांच्या पट्ट्या केसाएवढ्या उरल्या. आणि बन्सीधरचा ठोसा आधी बसला. चंद्रभानचा गडी आडवा झाला. चितपट. दत्तरावांनी स्वतःच्या तोंडानं निकाल दिला, "बन्सीधर."

मला रडता येत असतं तर जनरेटर भिजला असता. जत्रेला आलेले लिंबाजी मुकादम पुढे झाले. "चला चंद्रभान, उद्याच्याला मानवतला निघू."

दत्तरावांनी त्यांचा हात धरला. "लिंबाजी, माफ कर. पोरगं येत न्हाई."

"आरं, हरला की त्यो!"

"हरला म्हनूनच. बदला घेतल्याबगर पैलवान आखाडा सोडतो का?" मग त्यांनी फेटा सारखा केला आणि गर्दीकडे वळून आरोळी ठोकली, "ह्याच जोडीची कुस्ती पुन्ना लागंल! देवगाव फाट्याच्या जत्रंत! पंच मीच!"

काय तो कल्लोळ उठला! माणिकरावला डोकं खाजवायलाही वेळ मिळाला नाही. एवढे लोक जोड बघायला येणार, तर एकट्या बन्सीधरला नेऊन काय करतो? दोघांनाही ठेवावं लागलं. बन्सीधरनंच मग चंद्रभानच्या अंगठ्याला चिंधी बांधली.

आता चौऱ्याण्णव साल उजाडलंय. ती जोडी नव्या मशीनवर नांदेडपर्यंत जाते. कधी हा जिंकतो, कधी तो. माझे रंग फिके पडलेत, एक दांडा लंगडतोय. पण शेडात मी रिकामा नाही. दुपारची गर्दी ओसरली की दत्तराव येतात, इकडंतिकडं बघतात आणि हळूच नाणं टाकतात. जोडीदार नसला की समोरचा गडी मीच लढवतो. त्यांना ठोसा येताना दिसतो. एक पाऊल मागं घेतलं तर वाचतील. पण घेत नाहीत. मी किती हळू ठोसा मारू हो?

कधी जिंतूरला आलात, एसटी चुकली, तर या. त्यांच्यासमोर उभे राहा. हरा, जिंका, तुमची मर्जी. फक्त पळू नका, म्हातारा निकाल देत नाही.