एक हप्ता मागे

आमच्या गुरुजींचं वजन छप्पन किलो भरलं, त्या शनिवारी मी अंगणवाडीतल्या पोरांना गूळ-शेंगदाणे वाटले. पदरचे पैसे घालून. जूनमध्ये बावन्न होतं, त्यात चार किलोंची भर पडली होती. रेशन दुकानातल्या पोत्यांच्या काट्यावर गुरुजी चप्पल काढून उभे होते आणि मी आकडा बघून एकटीच हसत होते. माझ्यासारखी मूर्ख बाई अख्ख्या जव्हार तालुक्यात शोधून सापडली नसती. पण हे मला कळायला मंगळवार उजाडावा लागला.

दोष थोडा माझ्या कामाचाही आहे. वावरच्या बाजूला कुपोषणाने पोरं गेली, त्याच्या पुढच्या वर्षी मी अंगणवाडीत लागले. तेव्हापासून दहा वर्षं एकच उद्योग: पोराला झोळीत बसवायचं, काट्याला टांगायचं, आकडा वाचायचा आणि तक्त्यावर टिंब द्यायचं. टिंब वर गेलं की आई हसते, मीही हसते. खाली उतरलं की माझ्या पोटात गोळा येतो आणि त्या दिवशी मला जेवण जात नाही. गुरुजींच्या दोन्ही किडन्या गेल्या असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी त्यांच्यासाठीही एक तक्ता घेतला, मागच्या कोऱ्या बाजूवर रेघा आखल्या आणि स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवला. दर शनिवारी वजन करायचं आणि टिंब द्यायचं.

आमचे गुरुजी म्हणजे तुळशीदास गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतले. पोशेऱ्याला कुडाच्या घरात वाढलेला माणूस. जव्हारात स्वतःचं स्लॅबचं घर बांधायचं, हे एकच वेड त्यांनी आयुष्यात केलं. शिक्षकांच्या पतपेढीतून दोन लाख काढले आणि तेच घर पतपेढीकडे तारण ठेवलं. महिन्याला दोन हजार नऊशेचा हप्ता पगारातून परस्पर कापला जायचा, त्यामुळे कर्ज आहे हे आम्ही विसरूनही गेलो होतो. मग आजार आला. भरपगारी रजा संपली, अर्धपगारी संपली, आणि जुलैपासून बिनपगारी सुरू झाली. पगारच नाही तर हप्ता कापणार कशातून? जुलैचा हप्ता मी गळ्यातली पोत मोडून भरला. ऑगस्टचा भरता आला नाही. सप्टेंबरचाही नाही.

कारण दुसरीकडे नाशिक होतं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी गुरुजींनी एसटीने नाशिकला जायचं, चार तास मशीनवर झोपायचं, रक्त धुऊन घ्यायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचं. एका खेपेला अकराशे रुपये. माझा भाऊ देवजी याने बैल विकून दिलेले पैसे, गुरुजींच्या सोबत्यांनी काढलेली वर्गणी आणि माझं तुटपुंजं मानधन, असं सगळं मी साबुदाण्याच्या डब्यात ठेवायचे आणि त्यातून दर खेपेला मोजून अकराशे त्यांच्या हातात द्यायचे. पहिले काही दिवस मी बरोबर गेले. मग सुपरवायझर बाईंनी रजा बंद केली आणि गुरुजी म्हणाले, "तू कशाला येतेस? मी काय पहिलीतला पोर हाय? जाईन एकटा." मला ते बरंच वाटलं. एका माणसाचं तिकीट वाचलं.

हप्त्याचं मात्र डोक्यातून जात नव्हतं. पोस्टमन आळीत शिरला की मी हातातलं काम टाकून दारात उभी राहायचे. पतपेढीची नोटीस आली तर ती गुरुजींच्या हाती पडू नये, एवढंच. आमची हर्षाली अकरावीला. ती म्हणायची, "आई, तू पोस्टमनकाकांकडं बघतेस ना, तसं बघू नको गं. घाबरतात ते." दोन महिने नोटीस आली नाही. त्याने माझी भीती कमी व्हायच्या ऐवजी वाढलीच. दसरा झाला आणि मी ठरवलं, आपणच जायचं. पाया पडायचं, मुदत मागायची. गुरुजींना यातलं काही सांगायचं नाही.

मंगळवारी ते नाशिकच्या गाडीत बसल्यावर मी पतपेढीत गेले. तिथला क्लार्क लक्ष्मण गुरुजींच्याच हाताखाली शिकलेला. मला बघून उठला, खुर्ची दिली. मी बसलेच नाही. घोकून आणलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं: दोन हप्ते थकलेत, आता तिसरा येतोय, दिवाळीपर्यंत थांबा, घराला हात लावू नका.

लक्ष्मणने खातेवही उघडली, बोट फिरवलं आणि माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं. "वहिनी, कोणते दोन? ऑगस्टचा आठ तारखेला भरलाय. सप्टेंबरचा पाचला. गुरुजी सोता येऊन भरून गेले."

"कोण गुरुजी?"

"आपले. दुसरे कोणते? शुक्रवार व्हता दोन्ही येळला. इथंच बाकड्यावर पेपर वाचत बसतात दुपारपर्यंत. पाय सुजतात ना त्यांचे, म्हणून मीच स्टूल देतो ठेवायला. आता ऑक्टोबरचाही भरतील. दहा तारीख शेवटची, शुक्रवारच हाय."

शुक्रवारी गुरुजी नाशिकला असतात. मशीनवर असतात. उगीच काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, एखादा हप्ता चुकला तर लगेच घर घेता का?

"नाय हो. एकाने काय व्हतंय? सहा महिने कोणी ईचारत नाय." लक्ष्मण हसला. "पण गुरुजी चुकवायचे नाहीत. तो नियम त्यांचाच ना. वार्षिक सभेत त्यांनीच ठराव मांडला व्हता. सभासद वारला आणि खात्यावर एकही हप्ता बाकी नसंल, तर उरलेलं सगळं कर्ज सहायता निधीतून माफ. घर बायकापोरांना मोकळं. पण एक जरी हप्ता थकलेला निघाला तर माफी नाय, समदं वारसांनी फेडायचं. ते आपले सोम्या मास्तर वारले तेव्हा त्यांच्या बायकोचं घर गेलं व्हतं, तेव्हापासून गुरुजी मागे लागले व्हते या ठरावाच्या."

बोलता बोलता लक्ष्मणचा आवाज बारीक होत गेला. त्यालाही तेव्हाच कळलं असावं. त्याने खातेवही मिटली आणि मला पाणी आणून दिलं. ते प्यायल्याचं मला आठवत नाही.

समोरच्या एसटीडी बूथवरून मी नाशिकला दवाखान्यात फोन लावला. सिस्टरबाईंनी नाव ऐकलं आणि माझ्यावरच उखडल्या. "तुळशीदास सर? आत्ता आहेत मशीनवर. पण शुक्रवारी कुठं असतात हो? अडीच महिने झाले, आठवड्यातनं एकदाच येतात. विचारलं की म्हणतात, गावाकडं दुसरी सोय झालीय. जव्हारला कसली सोय झाली? वजन किती असतं घरी?"

"छप्पन," मी म्हणाले. आणि लाज सोडून पुढे म्हणाले, "वाढलंय."

"अहो बाई, ते पाणी आहे! लघवीवाटे जात नाही ते अंगात साठतंय. छातीत भरलं की एका रात्रीत माणूस जाईल. आज काढतोय तेवढं काढतोय आम्ही. येत्या शुक्रवारी चुकवू नका, मी सांगून ठेवते."

मी फोन ठेवला. बूथवाल्याला किती पैसे दिले ठाऊक नाही. पोरांना वाटलेला गूळ मला आठवला आणि मला माझं तोंड रस्त्यातल्या दगडावर आपटावंसं वाटलं.

घरी आल्यावर भांडायचं, असं ठरवून आले होते. पण संध्याकाळी ते गाडीतून उतरून आले, ओट्यावर बसले आणि हात लावून भिंतीचा गिलावा बघायला लागले. "पावसाळ्यात ओल धरली का गं इथं?" असं विचारलं. भांडले तर ते नाकारतील, किंवा उद्याच जाऊन पैसे भरून टाकतील. मास्तर माणूस, हिशेबाला पक्का. सप्टेंबरच्या हप्त्यानंतरच्या चार शुक्रवारांचे चव्वेचाळीसशे त्यांच्याकडे कुठेतरी होतेच. मी गप्प बसले. बुधवार आणि गुरुवार हे दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. ते खोकले की मी पातेलं टाकून धावायचे. झोपले की छाती हलतेय का बघायचे. ते किती पाणी पितात ते कळावं म्हणून माठावर खडूने खूण करून ठेवली. गुरुवारी त्यांनी हर्षालीला जवळ बसवून घराचे कागद कोणत्या पेटीत आहेत ते दाखवलं. पोरगी हं हं करत होती. मी चुलीपाशी बसून ओठ चावत होते. इतका राग मला जन्मात कोणाचा आला नव्हता.

शुक्रवारी सकाळी मी नेहमीसारखे अकराशे मोजून दिले. त्यांनी पिशवी घेतली आणि निघाले. दहा मिनिटांनी मी दाराला कडी घातली.

नाशिकची गाडी सुटून गेली होती. गुरुजी स्टँडच्या मागच्या बाकावर, पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. पतपेढी उघडायला अजून अवकाश होता. पाय इतके सुजले होते की चपलेचा पट्टा लागला नव्हता. मला बघून ते उठायला गेले, पण उठता आलं नाही.

"गाडी चुकली," ते म्हणाले.

"अडीच महिने चुकतेय?" मी शेजारी बसले. "लक्ष्मण भेटला. सिस्टरबाई पण बोलल्या."

समोर एक म्हातारी टोपलीतली काकडी लावत होती, तिच्याकडे ते बघत राहिले. मग फळ्यावर गणित समजावतात तशा आवाजात म्हणाले, "हे बघ. मी असा किती दिवस जगणार? वर्ष, दीड वर्ष. तेवढ्यात तुझ्या भावाची जमीनही जाईल आणि घरही जाईल. आत्ता गेलो तर घर राहतं. हर्षाली शिकते. तू शांतपणे विचार कर, आकडे चुकीचे हायत का?"

"आकडे बरोबर हायत," मी म्हणाले, "आणि तुम्ही मूर्ख हाय."

लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण असं मी त्यांना कधी बोलले नव्हते. म्हातारीने मान वर करून बघितलं. बघू दे म्हटलं.

"मला ईचारलं का तुम्ही? पोरीला ईचारलं? त्या स्लॅबखाली आम्ही दोघी बसून काय करणार, गिलावा बघणार?" मी त्यांच्या मांडीवरची पिशवी ओढली. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या नोटा होत्या, चार शुक्रवारांच्या. आजचे धरून पंचावन्नशे. मी त्या माझ्या पोलक्यात घातल्या. "आज दहा तारीख. पाच वाजता पतपेढी बंद व्हते. आज हप्ता जाणार नाय."

"वेडी झालीस? एक हप्ता थकला तर माफी नाय मिळायची. सगळं कर्ज तुमच्या दोघींच्या डोक्यावर येईल."

"येऊ दे. तुम्ही गेलात तर घर जाईल, पोरगी रस्त्यावर येईल. आता जगायचं काय मरायचं, ते तुम्ही बघा."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा पाण्याने फुगलेला होता, त्यामुळे रडत होते की नव्हते ते नीट कळलं नाही. मला मात्र रडू येत होतं आणि ते थांबवण्याइतकी ताकद माझ्यात नव्हती. पुढची नाशिकची गाडी लागली तेव्हा मी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना चढवलं. कंडक्टरने विचारलं, "किती?" मी म्हणाले, "दोन नाशिक."

मोखाडा गेलं, घाट गेला. त्र्यंबकच्या अलीकडे ते हळूच म्हणाले, "पुढच्या महिन्यात दोन्ही हप्ते एकदम भरले तर खातं परत नियमित होतं. कलमात तसं हाय."

"मला ठाऊक हाय. बुधवारी परत जाऊन लक्ष्मणला ईचारून आलेय," मी म्हणाले. "म्हणून पुढच्या महिन्यात मी एकच भरणार. एक हप्ता कायम मागे ठेवणार. एकासाठी पतपेढी घर घेत नाय आणि तुम्हाला मरायची सूट मिळत नाय. कुठून भरणार ते मला ठाऊक नाय. पण एक मागे राहणार, हे पक्कं."

दवाखान्यात सिस्टरबाईंनी त्यांना आधी काट्यावर उभं केलं. सत्तावन्न. मग मशीन लावली. मी स्टुलावर बसून नळीतून जाणारं रक्त बघत होते. भिंतीवर घड्याळ होतं. साडेचार झाले, मग पावणेपाच. गुरुजी मान वळवून त्या घड्याळाकडेच बघत होते आणि मी त्यांच्याकडे बघत होते. मलाही भीती वाटत होती, नाही कशी वाटणार? सिस्टरबाईंनी सांगितलेली ती रात्र आजच आली तर सगळंच गेलं, माणूस आणि घर दोन्ही, आणि तेही माझ्या हाताने.

"पाच वाजले," ते म्हणाले.

"वाजू देत."

त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने डोळे न उघडताच त्यांनी सिस्टरबाईंना विचारलं, "मंगळवारी किती वाजता येऊ?"

मशीन काढल्यावर पुन्हा वजन केलं. चोपन्न भरलं. घरी आल्यावर मी दारामागच्या तक्त्यावर टिंब दिलं. रेघ सरळ खाली उतरली. दहा वर्षांत पहिल्यांदाच तसलं टिंब देताना माझ्या पोटात गोळा आला नाही. मी हात धुतले आणि तिघांची पानं वाढली.