खिडकीवर सांगितलेली कमजोरी

एकाहत्तरची लढाई सुरू होती. जबलपूरच्या कारखान्यात तोफांसाठी बारा-बारा तासांची पाळी होती, आणि आमच्या क्वार्टरमध्ये माझ्यावर ठपका होता की मी नवऱ्याला जवळ येऊ देत नाही.

कशी येऊ देणार? चार महिने खाली खाज, आग. लघवीला बसलं की डोळ्यांत पाणी. सगळं कोरडं पडलेलं. गुणवंत जवळ आले की मी दुखून ओरडायची आणि ते भिंतीकडे तोंड करून झोपायचे. इच्छा मेली नव्हती, हे मी स्पष्ट सांगते. दुखत होतं.

कारखान्याच्या दवाखान्याचं पुस्तक नवऱ्याच्या नावाचं. बायकोचं दुखणं खिडकीवर नवऱ्यानं सांगायचं आणि औषध आणायचं, ही आमच्याकडची रीत. "नीट सांगा हं," मी बजावलं होतं. त्यांनी ग्लुकोजचा डबा आणला. मी मुकाट्यानं प्यायले. तहान वाढली, खाज वाढली. त्यांनी आणखी दोन डबे आणले.

मग एका रविवारी त्यांनी नागपूरला माझ्या भावाला पत्र लिहिलं आणि मलाच वाचून दाखवलं. "विनताचं संसारात मन नाही. घेऊन जा."

माझं डोकं फिरलं. दर मंगळवारी दवाखान्यात बाहेरून एक डॉक्टरीणबाई येत. पुस्तक उचललं आणि मी स्वतः गेले. बाईंनी पडद्याआड सगळं ऐकलं, निळ्या औषधात माझी लघवी उकळली. निळा रंग विटकरी झाला.

"शक्कर की बीमारी है. खुजली, सूखापन, दर्द, सब इसी से. इलाज होगा, आराम मिलेगा. पर ये ग्लूकोज़ किसलिए?"

त्यांनी पुस्तक माझ्यापुढे धरलं. तीन महिने, तीन नोंदी. तिन्ही जागी एकच शब्द: कमजोरी.

गुणवंतांना कारखान्यातल्या त्यांच्या शॉपमधून बोलावलं. ते मान खाली घालून म्हणाले, "जी, लाइन में सब अपने शॉप के लोग थे."

लाज यांची, आणि साखर पाजली मला! बाईंनी त्यांना चांगलं झापलं. बाहेर आल्यावर गुणवंतांनी खिशातलं, अजून पेटीत न टाकलेलं पत्र फाडून टाकलं. मला वाटलं, आता विचारतील, फार त्रास झाला का गं.

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "तू काहून आली इथं? कोणी ऐकलं तर नाही ना?"

मी तशीच वळले. पुरुषांची रांग ओलांडून खिडकीत पुस्तक आपटलं. "कमजोरी काटिए. लिखिए, नीचे खुजली, चार महीने से. पति के साथ सोने में दर्द. शक्कर की बीमारी."

कंपाउंडरचं पेन थांबलं. "लिखिए!" मी ओरडले. त्यानं लिहिलं. गुणवंत केव्हाच निघून गेले होते.

रांगेतून अंबादास फिटर पुढे सरकले. आवाज अगदी खाली. "वहिनी, आमच्या घरीपण कमजोरीच लिहून राहिलेत. ह्या बाई केव्हा येतात?"

"मंगळवारी," मी म्हणाले. "आणि तुम्ही नका येऊ. तिला पाठवा."