तू सोडून कोण म्हणतं?

संघपाल रामटेके स्वतःला फोटोग्राफर म्हणवून घेई, आणि त्याच्याशिवाय त्याला तसं म्हणणारं अख्ख्या दिल्लीत कुणी नव्हतं. आई नंदाबाई म्हणत, "त्याला आवड आहे." शेजारी म्हणत, "बिचारा." वडील दादाराव काही म्हणतच नसत, कुणी विचारलंच तर "कॉम्प्युटरमध्ये आहे" असं सांगून विषय गाझियाबादच्या पाण्याकडे वळवत. तसं ते अगदीच खोटं नव्हतं. नोएडाच्या एका कंपनीत संघपाल काही वर्षं कॉम्प्युटरसमोर बसला होता, आणि एक दिवस उठला तो परत बसलाच नाही. साठवलेल्या पैशांतून त्याने कॅमेरा घेतला, लेन्स घेतली आणि दाढी वाढवली. दाढी फुकटात झाली, पण फोटोग्राफर दिसण्याचं निम्मं काम तीच करत होती.

दिल्लीत कॅमेरा घेतलेला इंजिनियर सगळ्यात आधी पहाडगंजला जातो, तसा तोही गेला. तिथे त्याने सायकलरिक्षावाल्यांच्या पाठी काढल्या. हमालांच्या पाठी काढल्या. चहावाल्याची पाठ काढली, तिच्यापलीकडे वाफ, आणि वाफेच्या पलीकडे आणखी एकाची पाठ. सगळं काळंपांढरं. समोरून फोटो काढायचा तर माणसाला विचारावं लागतं, निदान त्याच्या नजरेला नजर द्यावी लागते. तेवढी हिंमत त्याला होत नव्हती, म्हणून पाठी काढण्यालाच तो आपली शैली म्हणे. खाली 'सायलेन्स', 'ड्रिफ्ट' असा इंग्रजीतला एखादा शब्द टाकून तो ते फोटो इन्स्टाग्रामवर चढवी. ते न चुकता लाइक करणारी एक मावसबहीण होती, रोशनी. तिनेही साखरपुड्यानंतर लाइक करणं सोडलं.

त्यात तिची चूक नव्हती. साखरपुड्याचे फोटो तिने मोठ्या हौसेने त्याच्यावर सोपवले. गडी तीन तास हॉलभर वाकून, गुडघे टेकून, एकदा तर टेबलाखाली शिरून फोटो काढत होता. आणि आणून दिलं काय, तर एकावर एक रचलेल्या खुर्च्या, पंख्याची सावली आणि मावशीच्या चपला, त्यातली एक उलटी. नवरामुलगा एका फोटोत होता, पाठमोरा. मावशीने नंदाबाईंना फोन करून काळजीने विचारलं, "पोराला नीट दिसतं ना गं?"

या सगळ्यावरून रामटेक्यांकडे दर रविवारी भांडण होई, आणि ते दर रविवारी एकाच वळणावर येऊन थांबे.

"तुला फोटोग्राफर म्हणतो कोण?" दादाराव विचारत.

"मी म्हणतो."

"तू सोडून कोण म्हणतं?"

"बाबा, मी म्हणतो तेवढं पुरेसं आहे."

दादारावांची सगळी हयात केंद्र सरकारच्या नोकरीत गेली. माणूस कोण आहे हे त्याच्या नेमणुकीच्या आदेशात लिहिलेलं असतं, खाली सही असते, सहीखाली शिक्का असतो, अशी त्यांची समजूत. बिनशिक्क्याचा हा फोटोग्राफर त्यांच्या डोक्यात बसत नव्हता. ते पेपर आपटून गच्चीवर निघून जात. पण दर वेळी आपटताना आवाज थोडा कमी होत होता, आणि हे एकट्या नंदाबाईंच्या लक्षात आलं होतं.

साठवलेले पैसे संपले तेव्हा मात्र संघपालला वाकावं लागलं. दादारावांचे जुने वरिष्ठ गुलाबराव गजभिये यांच्या जावयाची नोएडात कंपनी होती. तिथे जागा निघाली. सोमवारी सकाळी दहाला हजर व्हायचं ठरलं. गुलाबरावांनी फोनवर एकच गोष्ट बजावली, "जावयांपुढे ते फोटोग्राफीचं काढू नको. मला विचारलं तेव्हा मी सांगितलंय, पोरगा स्थिर आहे."

त्याच्या आदल्या रविवारी आभार म्हणून रामटेक्यांनी गजभिये पतिपत्नींना इंडिया गेटच्या हिरवळीवर जेवायला बोलावलं. डिसेंबरात दिल्लीतली माणसं उन्हात सतरंज्या टाकून दिवसभर शेंगा सोलतात, आणि आपली माणसं तरी त्यात मागे का राहतील? नंदाबाईंनी कोथिंबीर भरलेली नागपुरी सांभारवडी केली होती. वैजयंतीबाई गजभिये यांनी संत्री आणली होती, आणि एकेक सोलून हातावर ठेवताना "ही काही संत्री नव्हेत, इथे यांनाच संत्री म्हणतात" असं त्या प्रत्येकाला वेगळं सांगत होत्या.

"कॅमेरा आणलाय वाटतं," गुलाबराव म्हणाले. "छान. छंद असावा. आमचे जावईसुद्धा रविवारी बॅडमिंटन खेळतात. बघू तरी काय काढतोस."

संघपालने पाठी दाखवल्या. गुलाबरावांनी चष्मा कपाळावर चढवला आणि बराच वेळ एकेक फोटो पुढे सरकवला.

"सगळे चांगले आहेत," ते शेवटी म्हणाले. "पण हे निघालेत कुठे?"

वैजयंतीबाई हसल्या, नंदाबाईंनी डब्यात तोंड घातलं, आणि संघपाल 'जरा चक्कर मारून येतो' म्हणत कॅमेरा गळ्यात अडकवून उठला. उद्यापासून तो स्थिर होणार होता. पगार येईल, आईच्या जिवाला थंडावा मिळेल, हे सगळं त्याला कळत होतं. पण आजवर निदान एक माणूस तरी त्याला फोटोग्राफर म्हणत होता. उद्या तोही कंपनीत जाऊन बसणार होता.

इंडिया गेटवर फोटोग्राफरांची वाण नाही. अंगात जाकीट, गळ्यात कॅमेरा, खांद्याला पिशवी, पिशवीत पावाएवढा प्रिंटर. गिऱ्हाइकाला उभं करायचं, चिमटीत इंडिया गेट धरल्यासारखा हात वर करायला लावायचा, आणि पाच मिनिटांत फोटो हातावर ठेवायचा. फोटोत बहुतेक वेळा चिमूट एकीकडे आणि गेट दुसरीकडे असतं. पण घरी जाईपर्यंत ते कुणी नीट बघत नाही, आणि घर बहुधा बिहारात नाहीतर तेलंगणात असतं. संघपालला ही मंडळी बघूनच अंगावर काटा येई. कलेचा असा बाजार मांडलेला त्याला सोसत नव्हता.

तेवढ्यात एका बाईने दोन पोरं त्याच्यापुढे उभी केली. "भैया, एक फोटो कितने का?"

"मी... मैं वो वाला नहीं हूँ," संघपाल म्हणाला.

मग कोणता, असं तिने विचारलं असतं तर पंचाईत झाली असती. पण तिने विचारलं नाही. तिच्याऐवजी जाकीटवाल्यांपैकी एक जण तरातरा चालत आला. नाव धरमवीर, गळ्यातल्या ओळखपत्रावर ते मोठ्या अक्षरांत होतं, ओळखपत्र कुणी दिलं ते मात्र कुठे लिहिलेलं नव्हतं.

"फोटोग्राफर है?" धरमवीरने दरडावलं. "किससे पूछ के खड़ा हुआ इधर?"

संघपालला राग यायला हवा होता, पण त्याला आनंद झाला. दोन वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी न सांगता त्याला ओळखलं होतं. तो ताठ उभा राहिला आणि सतरंजीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "हाँ. फोटोग्राफर हूँ."

सतरंजीवर दादारावांनी मान वर केली.

"है तो खंभे के उस पार जा," धरमवीर म्हणाला. "ये मेरा एरिया है."

मग एरिया या विषयावर दोघांची जुंपली. आकाश सगळ्यांचं आहे, प्रकाश सगळ्यांचा आहे, असं काहीतरी संघपाल सांगत होता, आणि बाप का है क्या, असं धरमवीर विचारत होता. भांडणाच्या नादात शिट्टी दोघांनाही ऐकू आली नाही. परवान्याशिवाय धंदा करणाऱ्यांना हुसकायला पोलिसांची व्हॅन आली होती. बाकीचे फोटोग्राफर बघता बघता विरघळले. एकाने कॅमेरा जाकिटात घातला आणि पोट सुटल्यासारखा चालू लागला. दुसरा सरळ एका अनोळखी कुटुंबाच्या सतरंजीवर जाऊन बसला आणि त्यांच्या शेंगा खाऊ लागला. हे दोघे तेवढे हवालदाराच्या हाताला लागले.

हवालदाराने धरमवीरला व्हॅनकडे ढकललं आणि संघपालच्या कॅमेऱ्याच्या पट्ट्याला हात घातला.

"तू भी फोटोग्राफर?"

"हाँ जी, ये भी है," धरमवीरने परस्पर साक्ष दिली. "अभी खुद बोल रहा था."

व्हॅनचं दार उघडं होतं. तिकडे गुलाबराव संत्र्याची फोड हातात धरून उभे राहिले होते. दादाराव सतरंजीवरून उठून आले आणि चार पावलांवर येऊन थांबले. काहीतरी सांगून ते आपल्याला सोडवतील, असं संघपालला वाटलं. पण ते मुलाच्या तोंडाकडे बघत नुसते उभे राहिले, आणि ते बघणं संघपालच्या ओळखीचं नव्हतं.

"बोल ना भाई," हवालदार म्हणाला. "है या नहीं?"

"नहीं सर," संघपाल म्हणाला. "टूरिस्ट हूँ. नागपूर से."

त्याचा जन्म गाझियाबादचा. नागपूर त्याने लग्नाकार्यापुरतंच पाहिलं होतं. हवालदाराने दादारावांकडे मोहरा वळवला. "आपका लड़का है? क्या करता है?"

"जो वो बोल रहा है, वही," दादाराव म्हणाले.

पट्टा सुटला. व्हॅनच्या जाळीमागून धरमवीर शांतपणे म्हणाला, "वाह भाई, टूरिस्ट," आणि व्हॅन निघून गेली.

गुलाबराव खूश होते. "डोकं चालवलंस. पोलिसात नाव गेलं असतं तर जावयांना मी काय तोंड दाखवलं असतं?" त्यांनी संघपालच्या पाठीवर थाप मारली, राहिलेली सांभारवडी डब्यात भरून घेतली, आणि सगळ्यांना जय भीम करून दोघं आपल्या गाडीने गेली.

रामटेके मेट्रोत बसले. रविवार असल्याने तिघांना शेजारी जागा मिळाली. वडील शिव्या देतील किंवा शहाणा म्हणतील, दोन्हींची तयारी करून संघपाल बसला होता. दादाराव समोरच्या काचेकडे बघत बोलू लागले.

"मी नोकरीवर नवीन आलो तेव्हा लक्ष्मीनगरला खोली बघायला गेलो होतो. मालकाने चहा दिला. खोली दाखवली. चावी काढली. मग म्हणाला, कौन बिरादरी हो? माझ्यासोबतचा कानात म्हणाला, काहीपण सांग, इथे कुणाला काय कळतंय."

"मग?"

"मग सांगितलं. जे आहे ते. त्याने चावी खिशात घातली. चहा अर्धा राहिला." दादारावांनी गुडघ्यावरचा डबा नीट केला. "पहाडगंजच्या लॉजमध्ये ढेकणांत काढला तो हिवाळा."

नंदाबाईंना हे माहीत होतं, पण मुलासमोर ते कधी निघालं नव्हतं. संघपालची मान खाली गेली. त्याला लाज वाटली, आणि लाज वाटली की माणूस वाद घालतो तसा त्याने घातला.

"बाबा, यार, त्याची आणि याची बरोबरी होते का?"

"नाहीच होत," दादाराव म्हणाले. "तुला नुसतं व्हॅनमध्ये बसायचं होतं."

पुढचं स्टेशन आलं, गेलं.

"मला वाटायचं, पोरगं चुकतंय, पण म्हणतं ते आहे," दादाराव म्हणाले. "तुझ्या आईला विचार. गेल्या रविवारी गच्चीवर मी तिला म्हणालो, असू दे, असेल तो फोटोग्राफर. उद्या नोकरीला नको जाऊ म्हणणार होतो तुला. आता जा. आता माझी काही हरकत नाही."

नंदाबाईंनी मान हलवली नाही, पण नाहीही म्हटलं नाही. यमुना बँक स्टेशनला दार उघडलं तसा संघपाल उठला आणि काही न सांगता उतरला. काचेतून त्याला दोघं दिसली. आई उठून उभी राहिली होती, वडील बसूनच होते.

उलट्या गाडीने तो इंडिया गेटला परत आला, आणि ठाणं शोधायला त्याला चार जणांना विचारावं लागलं. टेबलामागे नोंदी लिहिणारा मुन्शी होता, शेजारी तोच हवालदार चहा पीत होता, आणि भिंतीलगतच्या बाकावर धरमवीर.

"मैं फोटोग्राफर हूँ," संघपाल म्हणाला.

"तो?" मुन्शीने विचारलं.

"दोपहर में इन्होंने पकड़ा था. मैंने झूठ बोला."

मुन्शीने हवालदाराकडे पाहिलं, हवालदाराने कपाकडे. "अब क्या करूँ," मुन्शी म्हणाला, "शॉल ओढ़ाऊँ?"

"इनके साथ मेरा भी लिख लीजिए," संघपाल म्हणाला. या खेपेला तो मुन्शीच्या तोंडाकडेच बघत होता.

धरमवीर बाकावर सरकला. जागा करायला की वेड्यापासून लांब व्हायला, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. मुन्शीने उसासा टाकला, नाव विचारलं, वडिलांचं नाव विचारलं, काम काय ते पुन्हा एकदा विचारलं आणि लिहून घेतलं.

"कैमरा छोड़ के जा," तो म्हणाला. "साहब कल मिलेंगे, सुबह दस बजे. जुर्माना भर के ले जाना. दस मतलब दस, बाद में वो निकल जाते हैं."

नोएडाही दहालाच होतं. संघपालने गळ्यातला पट्टा काढला आणि कॅमेरा मुन्शीपुढे ठेवला.

"दस बजे आता हूँ," तो म्हणाला.