मितानाचं नाव

शालीकराम एकेकाळी मोठा बडबड्या माणूस होता. चोरखमाऱ्याच्या तलावाखालच्या बांधावर तो उभा राहिला की धानाच्या चार बांध्यांपलीकडून बाया ओरडायच्या, "पुरे कर ना रे बाबू, कान किटले!" ही पलटणीत जायच्या आधीची गोष्ट. मग सिंगापूर पडलं, तो जपान्यांच्या कैदेत गेला, आणि लढाई संपल्यावर हाडांचा सापळा होऊन गोंदियाच्या टेसनावर उतरला तो तोंडाला कुलूप लावूनच. बायको नंदाबाई म्हणायची, "याची जीभ तिकडंच राहिली वाटते." चेष्टेनं म्हणायची, पण म्हणून झालं की पदर डोळ्यांना लावायची.

बोलणार तरी काय बिचारा? त्याच्याबरोबर गावातला टेकचंदही भरती झाला होता, तो परत आला नाही. टेकचंदची आई धुरपता, रांडमुंड बाई, एवढा एकच पोरगा. शालीकराम आला त्या दिवशी ती वेशीवर पाण्याचा लोटा घेऊन उभी होती. तिनं रडून गोंधळ घातला नाही, नुसतं विचारलं, "माहा टेकचंद कसा गेला?" शालीकराम म्हणाला, "ताप आला, काकी. झोपेतच गेला. काही तरास नाही झाला." हे साफ खोटं होतं. पण आईला काय सांगायचं असतं अशा वेळी, तुम्हीच सांगा.

खरं असं होतं. छावणीत कैद्यांकडून दलदल तोडून धान लावून घेत. टेकचंदनं भुकेपोटी मूठभर कच्चे तांदूळ धोतराच्या गाठीत बांधले आणि हजेरीच्या वेळी सापडला. जपानी हवालदारानं कानेदा नावाच्या पहारेकऱ्याला हुकूम केला, मार याला. कानेदानं सगळ्यांदेखत टेकचंदच्या दोन थोबाडीत दिल्या आणि हात खाली घेतला. हवालदाराचं समाधान झालं नाही. त्यानं टेकचंदला कोठाराच्या मागं नेलं आणि बांबूनं असा झोडपला, असा झोडपला, की पाहणाऱ्याच्या अंगाला काटा यावा. पाहणारा एकच होता. शालीकरामला हजेरीवरून कोठारात पोती रचायला पाठवलं होतं, त्यानं फटीतून पाहिलं आणि तोंडात कापडाचा बोळा घालून तो तसाच बसून राहिला. दुसऱ्या दिवशी टेकचंद गेला. पण बाकी छावणीनं पाहिल्या होत्या त्या कानेदाच्या थोबाडीत, म्हणून सगळे म्हणू लागले, कानेदानंच मारला.

आता हा कानेदा जपानी नव्हताच. तो कोरियाचा, शेतकऱ्याचा पोरगा. शालीकरामला ते फार आधी कळलं होतं, चिखलात. शालीकराम रोवणा, म्हणजे धानाची लावणी करत होता, पहारेकऱ्यानं बंदूक बांधावर ठेवली, पायाच्या पट्ट्या सोडल्या आणि सरळ बांधीत उतरला. हातात धानाच्या रोपांची मूठ धरली ती अशी की शालीकरामला हसूच आलं, कारण असा धरणारा माणूस जन्माचा धानवालाच असतो. मोडक्यातोडक्या हिंदुस्तानीत तो म्हणाला, "आमच्याकडं जपानी दोरी लावतात. दोरीच्या बाहेर रोप गेलं तर मार. आणि तांदूळ पिकला की जहाजात भरून त्यांच्या घरी."

मग तो रोज थोडंथोडं बोलू लागला. एकदा त्यानं चिखलावर बोटानं एक होडी काढली, वर कासवाच्या पाठीसारखं छप्पर आणि छपरावर खिळे. साडेतीनशे वर्षांमागं जपानी अशीच आमची भूमी गिळायला आले होते, म्हणाला, तेव्हा आमच्या दर्यावरच्या सेनापतीनं असल्या होड्यांनी त्यांचं आरमार बुडवलं. सांगताना त्याचं तोंड उजळलं. मग त्याच्या आज्याची गोष्ट निघाली. आजा त्यांच्या राजाच्या फौजेत शिपाई. जपान्यांनी फौजच मोडून टाकली, तेव्हा आजा बंदूक घेऊन डोंगरात गेला. तिथं शेतकरी होते, वाघाचे शिकारी होते, हातात बत्ती लावून उडवायच्या जुन्या बंदुका. सगळे गोळ्यांनी भाजून निघाले, आजाही तिथंच पडला.

"आणि आता पाहा," पहारेकरी म्हणाला, "ज्यांनी आज्याला मारलं त्यांची टोपी माझ्या डोक्यावर. गावात शिपाई आले, म्हणाले या घरातून एक पोरगा पाहिजे. मी नाही गेलो असतो तर धाकटा भाऊ गेला असता."

शालीकरामला आपल्या गोंदियाकडचा प्रतापगड आठवला. तिथल्या पडक्या तटाखाली ढोरं चारताना त्यानं कधी विचार केला नव्हता की या दगडांसाठी कोणी मेलं असेल. तो एवढंच म्हणाला, "माह्या डोक्यावर तरी कोठं माही टोपी होती? इंग्रजाचीच होती."

टेकचंद मरत होता तेव्हा या पहारेकऱ्यानं आपल्या बाटलीतलं पाणी त्याच्या तोंडात थेंबथेंब सोडलं. टेकचंदचं डोकं तेव्हा शालीकरामच्या मांडीवर होतं, आणि फटीतून काय पाहिलं ते शालीकरामनं तेव्हाच पहारेकऱ्याला सांगितलं. जीव गेल्यावर धोतराच्या गाठीत उरलेले तांदळाचे दाणे शालीकरामनं सोडून हातात घेतले. आमच्या झाडीपट्टीत, तुम्हाला ठाऊक असेल, दोन माणसं देवाच्या साक्षीनं तांदूळ एकमेकांच्या हातावर ठेवतात आणि मितान बदतात. मितान म्हणजे सख्ख्या भावाहून जवळचा. त्याची आई ती आपली आई, तो मेला की आपणही डोकं भादरायचं. आणि एकदा मितान बदला की त्याचं नाव कधीही तोंडातून काढायचं नाही. हाक मारायची ती "मितान" अशीच. शालीकरामनं टेकचंदच्या गाठीतले दाणे पहारेकऱ्याच्या हातावर ठेवले आणि हे सगळं समजावलं.

पहारेकरी म्हणाला, "थांब. आधी माझं नाव ऐकून घे. कानेदा हे जपान्यांनी चिकटवलेलं नाव आहे. माझं नाव किम सोकचुन."

"झालं. आयकलं. आता मी मरेतोवर हे नाव घेणार नाही."

तो हसला, पण कसनुसा हसला. "म्हणजे तूही घेणार नाहीस? मग घेणार कोण?"

शालीकरामनं तेव्हा ते हसण्यावारी नेलं.

मोहफुलं वेचायच्या दिवसांत कोतवाल निरोप घेऊन आला. गोंदियाच्या डाकबंगल्यात पलटणीचा साहेब आलाय, कैदेतून सुटलेल्यांचे जबाब घेऊन राहिला. धुरपतेच्या कानावर गेलं तशी ती लुगडं बदलून दारात हजर. "माह्या पोराची गोष्ट निघन. मी बी येतो संगं."

"तुम्ही कायले, काकी? ऊन पाहा कसं आहे."

"काऊन? मले ऊन लागते अन् तुले नाही लागत?"

तिच्यापुढं कोणाचं चाललंय! ती आली आणि बंगल्याच्या व्हरांड्यात, दाराला टेकून बसली. आत गोरा कप्तान, आणि भाषा समजावून द्यायला तिरोड्याकडचा सुभेदार भैय्यालाल. सुभेदारानं टेबलावर एक फोटो ठेवला. फोटोत मितान होता. गालफडं बसलेली, छातीवर आकड्याची पाटी.

"इसको पहचानते हो? कानेदा. टेकचंदला यानंच मारलं असा आरोप आहे. सिंगापूरला मुकदमा आहे. तू होता ना तिथं? सांग काय झालं ते."

आता शालीकरामच्या मनात काय चाललं ते नीट ऐका, कारण सगळं इथंच बिघडलं. एक तर मितान. त्याची ओळख, त्याचं नाव, तेही चौकशीच्या टेबलावर? गावात त्यानं जन्मभर पाहिलं होतं, ठाणेदार आला आणि कोणाचं नाव कोणाच्या तोंडून निघालं की तो माणूस गेलाच. चांगलं म्हणून घेतलं तरी गेला, वाईट म्हणून घेतलं तरी गेला. वाचवायचं असेल तर एकच रस्ता, आपल्याला काही ठाऊकच नाही. आणि दुसरं म्हणजे दाराशी बसलेली धुरपता. खरं सांगायचं तर बांबू सांगावा लागणार, कोठारामागचं सांगावं लागणार, आणि ती म्हातारी ते सगळं ऐकणार.

"मी याले ओळखत नाही," शालीकराम म्हणाला. "कधी पाहिलाच नाही."

"नीट पाहून सांग."

"नाही, साहेब. टेकचंद तापानं मेला. मले बाकी काही ठाऊक नाही."

कप्तानानं खांदे उडवले. शालीकरामचा अंगठा उमटला, कागद पेटीत गेला आणि साहेब मोटारीत बसून नागपूरला निघून गेला. शालीकरामला केवढं हलकं वाटलं! वाचवला मितानाला, असंच वाटलं त्याला. वेडा! सुभेदार दौत-टाक आवरता आवरता म्हणाला, "अजीब बात है. तुझं नाव त्या कैद्यानंच दिलं होतं. दुसरा कोणताच साक्षीदार नाही त्याचा. म्हणे गोंदियाच्या शालीकरामला विचारा, त्यानं डोळ्यांनी पाहिलंय. हवालदार तर पळापळीत कुठं मेला पत्ता नाही. खोटारडा निघाला म्हणायचा हा कानेदा."

तुंबलेलं पाणी सुटावं तसं शालीकरामच्या तोंडून सगळं बाहेर आलं. बांबू, कोठार, तोंडातला बोळा, बाटलीतलं पाणी, तांदळाचे दाणे. सुभेदाराचे पाय धरून तो रडत होता, "पहिला कागद परत मागवा! तो माहा मितान आहे, त्यानं नाही मारला!" सुभेदार भला माणूस. त्यानं दुसरा कागद लिहून घेतला, पण तोंड उतरवून म्हणाला, "पाठवतो मी. पण पहिला तर साहेबाबरोबर गेलाच. सकाळी ओळखत नव्हता आणि दुपारी मितान झाला, असं म्हणतील ते. आणि मितानासाठी माणूस खोटी शपथ घेईल, हेही मला खुलासा म्हणून लिहावं लागेल."

शालीकरामनं मागं वळून पाहिलं. दाराशी धुरपता नव्हती. तिनं सगळं ऐकलं होतं आणि एकटीच उन्हात घराच्या वाटेला लागली होती.

त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलली नाही. पावसाळा गेला, धान लोंबीवर आलं, दिवाळी झाली. दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे जत्रा भरली. दंडारीच्या नाचाचे ढोल वाजत होते आणि शालीकराम एका कडेला उभा होता. तिथंच सुट्टीवर आलेला सुभेदार भैय्यालाल त्याला गाठायला आला. त्यानं आडवळण घेतलं नाही. "दोन्ही कागद कोर्टात वाचले. पहिल्यावरच भरवसा बसला. त्याला फाशी दिलं, शालीकराम. शेवटी त्याची एकच मागणी होती म्हणे, कागदावर माझं खरं नाव लिहा. नाही लिहिलं. कानेदा म्हणूनच गेला तो."

दुसऱ्या दिवशी सकाळी शालीकरामनं मंगरू न्हाव्याकडून डोकं भादरून घेतलं. लोक विचारू लागले, घरात कोण गेलं? तीळ घेऊन तो तलावावर गेला, कमरेइतक्या पाण्यात उतरला, ओंजळ भरली आणि तसाच थांबला. ओठ हलत, पण आवाज फुटत नव्हता.

काठावर कोणीतरी खाकरलं. पाहतो तर धुरपता.

"काऊन थांबला?" ती म्हणाली. "नाव घे त्याचं. नाव नाही घेतलं तर पानी कोनाले पोचन?"

"काकी, मितानाचं नाव..."

"जित्याचं नसते घेत. आता कायले लपवतोस? लपवूनच मारलंस ना त्याले?" लुगडं खोचून ती पाण्यात उतरली, त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिनंही ओंजळ भरली. "माह्या लेकराच्या तोंडात त्यानं पानी टाकलं. माहंही लागते त्याले."

शालीकरामनं डोळे मिटले. "किम सोकचुन," तो म्हणाला. आधी पुटपुटला, मग मोठ्यानं म्हणाला, आणि ओंजळ सोडली.

धुरपतेची ओंजळ अजून भरलेलीच होती. "काय? किम काय?" ती म्हणाली. "मले नाही येत असं. पुन्हा सांग."

त्यानं पुन्हा सांगितलं. तिला जमलं नाही, त्यानं आणखी सांगितलं. तिच्या जिभेवर ते नाव नीट बसेपर्यंत तो रडत रडत सांगत राहिला, आणि तोवर तिनं ओंजळीतलं पाणी सांडू दिलं नाही.