गुडघ्याच्या गोळ्या

अन्नपूर्णाबाईंचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. बाकावर बसायच्या, उठायच्या, वॉर्डाच्या दारापर्यंत जायच्या, परत यायच्या. शेवटी त्यांची मुलगी भाग्या वैतागली. "आई, सुम्मने, गप बस गं एका जागी. बघून बघून मलाच चक्कर येतीय."

बसतील कशा? गोपाळरावांचं बायपासचं ऑपरेशन दहाला होतं, आणि मूत्रपिंडांचे डॉक्टर हयग्रीव कालपासून तीनदा एकच प्रश्न विचारून गेले होते, दुखण्याच्या गोळ्या घेता का? रक्ताचा रिपोर्ट त्यांना पटत नव्हता. असल्या ऑपरेशनात मूत्रपिंडांवर मोठा ताण येतो, आधीच दमलेली असली तर कायमची बसतात, मग जन्मभर डायलिसिस, असं त्यांनी नीट समजावलं होतं. गोपाळराव तिन्ही वेळा "नाही" म्हणाले. तेही डॉक्टरांच्या डोळ्यांत बघून!

साफ खोटं. नजरबाद मोहल्ल्यातल्या कापडदुकानात चाळीस वर्षं उभं राहून त्यांचे गुडघे कामातून गेले होते. रोज दोन गोळ्या, कधी तीन. आणून द्यायच्या अन्नपूर्णाबाईच. काल दुपारीसुद्धा एक पोटात गेली होती.

आणि वर काल संध्याकाळी त्यांनी बायकोचा हात धरून ठेवला. "सांगितलंस तर हे लोक पुढं ढकलतील. आत्ता धीर आहे गं, पुढं ढकललं तर राहील का, देवाला ठाऊक. तोंड उघडलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील!"

शपथ तरी अशी घालावी माणसानं? सांगावं तर नवरा जायचा, न सांगावं तर त्याची मूत्रपिंडं. दुसऱ्या एखाद्या घरात असली शपथ हसून सोडून दिली असती. या घरात सासूबाईंनी एका शपथेपायी सख्ख्या बहिणीशी अठरा वर्षं अबोला धरला होता, आणि बहीण वारल्यावरच तो सुटला.

साडेनऊला स्ट्रेचर निघालं. गोपाळराव उसनं हसून "येतो गं" म्हणाले. ते हसू अन्नपूर्णाबाईंना बघवेना. स्ट्रेचर पुढं गेलं तशा त्या धावल्या आणि दारातल्या हयग्रीवांची बाही धरून दबक्या आवाजात, कानडीत, एका दमात बोलून गेल्या, "घेतात, डॉक्टर. रोज घेतात. कालही घेतली. मीच आणून देते."

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी स्ट्रेचर थांबवलं, ऑपरेशन सहा दिवस पुढं ढकललं, गोळ्या बंद, सलाईन चालू. बाईंचा चेहरा बघून त्यांनी गोपाळरावांना सांगितलं, "तुमच्या रक्तातच दिसलं हो." गोपाळराव भडकले. घरी जातो म्हणून दोनदा चपला शोधल्या. त्या भाग्यानं आधीच गाडीत नेऊन टाकल्या होत्या.

ते सहा दिवस अन्नपूर्णाबाईंनी कसे काढले ते त्यांचं त्यांनाच माहीत. नवऱ्याला साधा ठसका लागला तरी त्या नर्सला हाक मारायच्या. झोपला तर श्वास बघायच्या, जागा असला तर नजर चुकवायच्या. ऑपरेशन झालं. मग नर्स तासातासाला लघवी मोजू लागली आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, "अम्मा, छान होतीय." लघवीच्या पिशवीकडे बघून आनंदानं ढसाढसा रडणारी बाई त्या वॉर्डानं पहिल्यांदाच पाहिली असेल.

पाचव्या दिवशी थोरले दीर जगन्नाथराव भेटायला आले. गोपाळराव उशीला टेकून बसले होते, आवाजात जुना दुकानदार परत आला होता. "काय सांगू, अण्णा! डॉक्टरनी पुनःपुन्हा विचारलं, पण हिनं माझी शपथ मोडली नाही. हिच्या पुण्याईनंच वाचलो बघा."

जगन्नाथरावांनी भावजयीकडे कौतुकानं पाहिलं. गप्प बसायला काहीच हरकत नव्हती. डॉक्टरांनी वाट करून दिलेली होती, आणि जावा-नणंदांत मान वाढला असता तो वेगळाच.

"मोडली," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "म्हणून वाचलात."